माझ्या पाठीवरची सरहद्द

मी बाक बोलतोय. बसा की पावणं, पर कर्कटक खिशातच ठेवा.

पाय माझं शिरोली एमआयडीसीत जोडलं, फळी आजऱ्याकडची. आलो ते थेट नववीच्या वर्गात, मधोमध. माझ्यावर अभ्यास कमी आन् नावं कोरणं जास्त. चालायचंच.

गेल्या सोमवारी नागरिकशास्त्राच्या अनुजाबाईंनी वर्गाचं दोन देश केलं. "आठवडाभर आपापला कारभार बघा. ज्यांचा चांगला, ते राधानगरीचं धरण बघायला!" खडूची सरहद्द गेली ती नेमकी माझ्या पाठीवरनं.

दाराकडच्या देशाची प्रधान अवंतिका. तिनं झाडायच्या पाळ्या लावल्या, पहिली सोताची. खिडकीकडं पृथ्वीराज. त्यानं सगळी खाती दोस्तांत वाटली. जो जास्त भडंग देईल त्याला मोठं खातं! सफाईमंत्री केलं अमरसिंहला. ते बेनं सोताचं नाक पुसत न्हाय.

मंगळवारी खिडकी देशात तांबडा रस्सा सांडला. अमरसिंह म्हणतोय, "मंत्र्यानं फडकं धरायचं व्हय?" दुसऱ्या दिवशी मुंग्या. मग डबं चोरीला जायला लागलं. तक्रार केली तर पृथ्वीराज म्हणला, "चोर आपलाच हाय, सोड की!"

शेवटी वैतागून तिकडची पोरं दप्तरासकट इकडं दार देशात पळाली, मागनं मुंग्याबी. माझ्यावर दोघांच्या जागंत पाचजण. कडाड्! माझा पाय गेला.

अवंतिकानं चिडून माझ्यावर मुंग्या मारायच्या खडूची जाड रेघ मारली. "आता या बघू!" मुंग्या हुशार. माझ्या पोटाखालनं गेल्या आन् थेट तिच्याच डब्यात. राधानगरी बोंबलली की!

तवा तिनं बादली उचलली आन् तडक खिडकी देशात गेली. "पृथ्या, पुसू लागते. पर उद्या परत सांडलं तर? आधी मंत्री बदल."

"दोस्त हाय गं माझा."

"मग त्याला भडंग दे. खातं तुमच्या प्रीतीला दे. कालपास्नं एकटीच मुंग्या झटकाय लागलीया."

पृथ्वीराजनं मान खाजवली, पर खातं दिलं. प्रीतीनं पयलं फडकं त्याच्याच हातात कोंबलं. आन् दुसरं काम, डबंचोराला समद्यांम्होरं उभा केला. संध्याकाळपतूर पळालेली पोरं आपापल्या जागंवर.

शनिवारी बाईंनी विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

अवंतिका म्हणाली, "बाई, एकट्यानं जिंकायचं जमंना. मुंग्या ऐकत न्हाईत."

बाई हसल्या. आज समदी एकाच गाडीतनं धरणावर गेल्यात. मी हितंच, पायाखाली वीट घालून.

माझं एवढंच मागणं. शेजारच्याचा कारभार बिघडला तर लांबनं दात काढू नका, रेघाबी मारू नका. पाय मोडतोय तो मधल्याचा.