मी गळका ठरलो असतो

मित्रांनो, सौसरजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत, संत्र्याच्या कलमांशेजारी, तारेच्या कुंपणात मी उभा आहे. मी एक जुना पर्जन्यमापक. नाव भारदस्त आहे, पण इथे मला सगळे ‘पाणी मोजाचा डब्बा’ म्हणतात. वर पितळी काठ, आत नरसाळं, पोटात बाटली. आकाशातून पडेल ते झेलायचं आणि सकाळी साडेआठला मापाच्या काचेत ओतून द्यायचं, एवढंच माझं काम. वहीत आकडा कोण काय लिहितो, त्यावर माझी काही सत्ता चालत नाही.

माझी वही भिवाजी लिहायचा. होता रोजंदारीवरचा मजूर, पण दहा वर्षं त्याने मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. नरसाळ्यातली पानं वेचायची, काच खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायची. ती काच तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. “फोडान तुम्ही,” म्हणायचा. १९८७ साली त्याच्या पक्क्या नोकरीचा कागद रोपवाटिकेच्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी आला आणि त्याच्या घरी आनंदीआनंद झाला.

त्याच महिन्यात दिल्लीहून सल्लागार समिती आली. देशाच्या अवकाश कार्यक्रमात आधी काय करावं, हे सरकारला सुचवण्यासाठी ती नेमली होती. उपग्रहावर जागा थोडी आणि मागणाऱ्यांची रांग मोठी. कुणाला टीव्ही हवा, कुणाला टेलिफोन. ढगांच्या चित्रांवरून शेतकऱ्यांना इशारा देण्याचं काम पहिल्यांदा कोणत्या भागांत करून पाहावं, ती यादीही समितीच सुचवणार होती.

समितीसाठी घातलेल्या मांडवात संत्र्याचे बागाईतदार भगवंतराव उठले. “टीव्ही मंग द्या जी, मॅडम. औंदा गारीनं माह्या बागेत एक फळ ठेवलं नाही. आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तं जेवढा निघते तेवढा माल तं उतरवून घेतला असता!”

समितीच्या अध्यक्ष पुण्याकडच्या एक बाई होत्या. त्या वही घेऊन थेट माझ्यापाशी आल्या.

“उपग्रहाची चित्रं आणि तुमचा पाऊस छान जुळतो,” त्या म्हणाल्या. “फक्त तीन दिवस सोडून. चौऱ्याऐंशीचा सत्तावीस ऑगस्ट, पंच्याऐंशीचा पंधरा सप्टेंबर, शहाऐंशीचा पाच सप्टेंबर. वर दाट ढग आणि वहीत शून्य. मग बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?”

साहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही. “डबा जुना आहे, मॅडम. गळत असेल. भंगारात काढू.”

दहा वर्षांत मी एक थेंब गाळला नव्हता! मी गळका ठरलो असतो तर वही बाद, आणि वही बाद तर आमचा भाग यादीतून बाद. भिवाजीच्या केसालाही धक्का लागला नसता. त्याने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

ते तीन दिवस कोणते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पोळ्याचा दुसरा दिवस, पांढुर्ण्याची गोटमार. त्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात. भिवाजीचा धाकटा भाऊ रामाजी हमखास त्यात घुसायचा. त्याला ओढून आणायला आई भिवाजीला पाठवायची. भिवाजी पहाटेच्या मोटारीने जायचा आणि परत आल्यावर त्या सकाळपुढे शून्य टाकायचा. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भिवाजी शेजारीच उभा होता. तो वळला आणि चालू लागला. गेला पळून, असं मला वाटलं, आणि मला त्याचा भयंकर राग आला. पण तो लोटाभर पाणी घेऊन परत आला. त्याने काच रेघेपर्यंत भरली, माझ्यात ओतली, थोडा वेळ थांबला, मग बाटली काढून पुन्हा काचेत रिकामी केली. पाणी त्याच रेघेवर आलं.

“डब्बा गळत नाही जी, मॅडम,” तो म्हणाला. “म्या खोटं लिहिलं. गोटमारीच्या दिवशी मी इथं नव्हतोच. भावाले आणाले पांढुर्ण्याले गेलो होतो. पण पाणी कुठं जाते? बाटलीतच राहे. दुसऱ्या दिवशी दोन दिवसाचं एकदम मोजलं. तो आकडा पाहा.”

बाईंनी पानं उलटली. तिन्ही वेळा पुढचा आकडा फुगलेला होता.

“आधी का नाही सांगितलं?”

“भेव वाटे जी. आताही वाटून राहिलं. कागद सहीले आला आहे माहा.”

बाईंनी समितीच्या कागदावर लिहिलं: वही ग्राह्य. जाताना त्या साहेबांना म्हणाल्या, “या माणसाला सोडू नका.” पण मित्रांनो, समिती सल्लागार होती, हुकूम देणारी नव्हती. तिचा एक सल्ला दिल्लीने मानला आणि आमचा भाग यादीत आला. दुसरा साहेबांनी मानला नाही. भिवाजीच्या कागदावर सही झाली नाही, आणि आठवड्याभरात त्याची रोजंदारीही गेली.

आता माझी वही दुसराच माणूस लिहितो. साडेआठचे कधी नऊ होतात, कधी दहा. भिवाजी भगवंतरावांच्या बागेत कामाला जाताना कुंपणाशी थांबतो आणि विचारतो, “किती पडला जी आज?” कधी उत्तर मिळतं, कधी नाही.

मित्रांनो, माझ्या नरसाळ्यातली पानं वेचा, माझी काच जपून ठेवा, एवढं तर मी मागतोच. पण उद्या तुम्ही साहेब झालात आणि घाबरत घाबरत कुणी खरं सांगायला आलं, तर त्याला कुंपणाबाहेर काढू नका. मला अजून त्याच्याच हाताची सवय आहे.