कासवाचे पाय

इजिना या ग्रीक बेटाच्या नाण्यावर पिढ्यानपिढ्या समुद्रातलं कासव होतं, वल्ह्यांसारख्या पायांचं. लढाई जिंकून अथेन्सवाल्यांनी बेटाची जहाजं ओढून नेली, तट पाडला, आणि मग टांकसाळीत हुकूम आला: यापुढे जमिनीवरचं कासव. ठसा कोरायचं काम सोक्लेसच्या गळ्यात पडलं. त्याने निमूटपणे नखांचे चार बोजड पाय कोरले. पोट कुणाला चुकलंय?

त्याचा बाप थारीप जन्मभर सुकाणू धरलेला माणूस. पहिलं नवं नाणं हातात घेतलं आणि भडकलाच.

"हे काय रे? बेडूक कोरलास की घोरपड?"

"बाबा, हुकूम आहे."

"हे चिखलातलं ध्यान दाखवल्यावर मेलेल्यांना नदीपलीकडे नेणारा नावाडी मला होडीत घेईल होय? मेल्यावर माझ्या जिभेखाली आपलं जुनं कासव ठेव. बाकी काही मागत नाही."

सोक्लेसने शब्द दिला. पण महिनाभरात जुनी नाणी गोळा झाली आणि त्याच्याच हातून भट्टीत गेली, घरच्या डब्यातलीसुद्धा. एखादं मागे ठेवायची हिंमत त्याला झाली नाही. शेवटी त्याने एक नवं नाणं घेतलं, बारीक छिन्नीने नखं तासली, पाय लांबवले. पाठ मात्र जमिनीवरचीच राहिली.

म्हाताऱ्याने अंथरूण धरलं, तेव्हा तो ते घेऊन उशाशी बसला. "बाबा, बघा तरी."

म्हाताऱ्याने बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. सोक्लेसच्या बायकोने, मिकाने, जवाची पेज आणली. तीही त्याने मानेनेच नाकारली.

"अहो, मामंजी अजून रागावलेत," ती हळूच म्हणाली.

दुपारी म्हातारा गेला. रीतीप्रमाणे नाणं ठेवायला सोक्लेसने त्याचा जबडा उघडला, जीभ उचलली. खाली काहीतरी होतं. बाजारात जाताना बेटावर सगळेच सुटी नाणी गालात धरतात, तसं म्हाताऱ्याने ते तोंडात धरलं होतं: जुनं, झिजलेलं, वल्ह्यांच्या पायांचं कासव.

"म्हणजे राग नव्हता," मिका म्हणाली. "तोंडात हे होतं, म्हणून बोलत नव्हते."

"माझ्यापासून लपवलं होतं गं. मी तेही भट्टीत नेईन म्हणून."

त्याने बापाचं तोंड मिटलं, हनुवटीला फडकं बांधलं. खरवडलेलं नाणं हातातच उरलं होतं. ते त्याने स्वतःच्या गालात सारलं, आणि माणसं जमली तरी कुणाशी एक शब्द बोलला नाही.