डावीकडचा स्पीकर

बटण दाबल्याबरोबर खोलीत अकॉर्डियन कडाडला आणि आर्डिसनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"कोण घुसलंय घरात?" ती ओरडली. "बाहेर काढा त्यांना!"

"कुणी नाही गं. रेडिओ आहे. तुझी रविवारची पोल्का गाणी." नॉर्बर्टनं घाईघाईनं बटण बंद केलं. मुलीनं आईसाठी मुद्दाम नवा रेडिओ पाठवला होता, साबणाच्या वडीएवढा.

आर्डिसनं स्वेटर नीट केला, पाहुण्यासमोर हसतात तशी हसली आणि म्हणाली, "बरं, मिस्टर, तुम्ही बसा हं. मला घरी जायचंय." आणि ती कॉरिडॉरमध्ये निघून गेली.

झाली भेट. हिवाळ्यापासून हे असंच चाललं होतं. नॉर्बर्ट डेस्ट्री रविवारी चर्चमधून थेट इथं, या शुश्रूषागृहात, यायचा, बायको त्याला 'मिस्टर' म्हणायची आणि कोट काढून होतो न होतो तोच उठून जायची. ती ओळखत नाही, हे त्यानं कडू औषधासारखं गिळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ओळख परत यायची नाही. ठीक. पण तासभर शेजारी बसायला काय हरकत आहे? तेवढंच मागणं होतं त्याचं. बोलू नकोस, ओळखू नकोस, पण बस बाई.

"तिला रेडिओ नकोच आहे हो," ट्रेसी म्हणाली. ती इथली मदतनीस, पोरगी मायाळू होती. "घाबरते ती."

"रेडिओला नाही घाबरत. हा मेला एकदम अंगावर येतो ना, त्याला घाबरते," नॉर्बर्ट म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या डोक्यात उजेड पडला.

घरचा रेडिओ असा अंगावर येत नसे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेला तो मोठा स्टिरिओ सेट, अक्रोडाच्या लाकडाच्या पेटीतला. त्या काळी बनवणाऱ्यांचा एक पाय जुन्यात होता आणि एक नव्यात. स्टेशन पकडायचा भाग व्हॉल्व्हचा, म्हणजे तापल्यावरच चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, आवाज मोठा करायचा भाग ट्रान्झिस्टरचा. खटका फिरवला की काचेमागं हिरवट दिवा लागे. ट्रान्झिस्टरना थांबणं ठाऊक नाही, त्यामुळे दोन्ही स्पीकर लगेच बारीक सुसकारा टाकत. पण गाणं मात्र नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसता तो सुसकारा. तेवढ्यात आर्डिस स्वयंपाकघरातून येई, एप्रनला हात पुसत, "तापतोय," म्हणे आणि डावीकडच्या खुर्चीत बसे. उजवी खुर्ची नॉर्बर्टची. दोघांच्या शेजारी आपापला स्पीकर. मग गाणं लांबून, पायऱ्या चढून आल्यासारखं येई, आणि आवाज असा ऊबदार की हिवाळ्यात शेगडीची गरज वाटू नये. नव्या रेडिओत सगळं आहे, पण हे तापणं नाही.

नॉर्बर्टच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. ग्रीन बे शहरातल्या कागद गिरणीत एकाच यंत्रावर नोकरी झाली. त्याला मान होता तो एकाच ठिकाणी, चर्चच्या हॉलमध्ये. लग्न असो की शरदातली जत्रा असो, एकीकडे बूयाचे, म्हणजे मटण-भाज्यांच्या दाट रश्श्याचे, हंडे रटरटत असायचे आणि दुसरीकडे लाऊडस्पीकर नॉर्बर्टच्या हातात असायचा. व्हॉल्व्हचा तो भला थोरला अ‍ॅम्प्लिफायर त्यानं इतकी वर्षं सांभाळला, पण कधी जळू दिला नाही. त्याचा एकच नियम होता. अ‍ॅम्प्लिफायर मोकळा चालवायचा नाही. स्पीकर जोडलेला नसेल, तर निदान स्पीकर जोडायच्या दोन टोकांना तारेचा तुकडा तरी जोडून ठेवायचा.

आर्डिस शुश्रूषागृहात राहायला गेल्यापासून घरचा सेट बंदच होता. एकट्यानं कोण ऐकणार? नॉर्बर्टनं तो उचलून गॅरेजमध्ये नेला. इतके दिवस निजलेला सेट एकदम विजेवर लावत नाहीत. त्यानं आधी मध्ये एक साधा बल्ब जोडला, म्हणजे वीज बेतानं जाते. बल्ब भगभगला तर आत घोटाळा. बल्ब क्षणभर लालसर झाला आणि मंदावला. वा रे पठ्ठ्या! दोन दिवस त्यानं सेटला असं चुचकारलं, मग बल्ब काढून वीज थेट दिली. हिरवा दिवा लागला. नॉर्बर्ट एकटाच हसला.

आता दुपारभर तापू द्यावा, असं त्याला वाटलं. स्पीकर होते बैठकीच्या खोलीत. मग त्याच्या हातांनी, त्याला न विचारताच, नेहमीचं काम केलं. मागच्या टोकांना तारेचे तुकडे जोडले. उजवीकडचा स्क्रू घट्ट आवळला, डावीकडचा गंजला होता म्हणून तार नुसती अडकवून ठेवली. काटा पोल्काच्या स्टेशनवर आणला आणि तो कॉफी करायला गेला.

परत आला तेव्हा गॅरेजमध्ये करपट वास भरला होता.

अर्विन लमेन्स हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण तळघरात टेबल अजून मांडलेलं होतं. निरोप मिळताच तो हत्यारं घेऊन गॅरेजमध्ये आला, त्यानं पेटी उघडली आणि आत नाक घातलं.

"तारा जोडल्यास?"

"जोडल्या. मोकळा चालवू नये म्हणून."

"अरे गाढवा! तो नियम व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हला रिकामं राहणं सोसत नाही, ट्रान्झिस्टरला तार सोसत नाही. आवाजाकडची बाजू ट्रान्झिस्टरची आहे, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं रे."

"मग?"

"हाताला ठाऊक नव्हतं."

अर्विननं नॉर्बर्टच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा आत डोकावला आणि एकदम हसला. "डावी वाचलीय की! तिथली तार बसलीच नव्हती. कमाल आहे तुझी. जे मन लावून केलंस ते जळलं, आणि जे धड केलं नाहीस ते शाबूत!"

"उजवी होईल?"

"हे ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही. मिळालेच जुने कुठं, तर तेही असेच म्हातारे, आज लावले आणि उद्या गेले."

"मग डावीवरच दोन्ही स्पीकर जोड."

"एकटीवर दोघांचं ओझं टाकलंस की तीही बसेल, नॉर्ब." अर्विननं चष्मा काढून पुसला. "दगडापेक्षा वीट मऊ म्हण. जळकी बाजू मी सोडवून ठेवतो. खटका मोनोवर ठेव, म्हणजे सगळं गाणं डाव्यातून येईल."

तेव्हा मात्र नॉर्बर्टला रडू आलं. गिरणीत बोट गेलं तेव्हाही आलं नव्हतं. "आयुष्यभर लोकांचे लाऊडस्पीकर सांभाळले रे," तो म्हणाला, "आणि तिचाच रेडिओ घालवला."

अर्विननं त्याला रडू दिलं. मग दोघांनी मिळून सेट गाडीत ठेवला. नॉर्बर्ट दोन्ही स्पीकर घेऊन आला तसा अर्विन वैतागला. "मुका कशाला नेतोस?"

"तिला दोन दिसायला हवेत."

पुढच्या रविवारी तिथल्या वायरमननं सेट तपासला, मागून पुढून वास घेतला आणि मान डोलावली. ट्रेसीनं टेबल रिकामं करून दिलं. नॉर्बर्टनं दोन स्पीकर मांडले, शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. आर्डिस दाराशी उभी होती.

"बसा हं, मिस्टर," ती म्हणाली. "मला घरी जायचंय."

नॉर्बर्टनं खटका फिरवला. काचेमागं हिरवा दिवा लागला. डावा स्पीकर बारीक सुसकारला.

आर्डिसचा पाय उंबऱ्यावर थांबला. ती मागं वळली. एप्रन नव्हता, तरी तिनं दोन्ही हात स्कर्टला पुसले.

"तापतोय," ती ट्रेसीला म्हणाली, आणि येऊन डावीकडच्या खुर्चीत बसली.

गाणं आलं, लांबून, हळूहळू, आणि आर्डिसनं मांडीवर बोटांनी ताल धरला. नॉर्बर्ट जाऊन आपल्या खुर्चीत बसला, मुक्या स्पीकरशेजारी. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. निवेदकानं कुठल्याशा जोडप्याला लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. ती उठली नाही. कॉरिडॉरमध्ये जेवणाची गाडी खडखडत गेली, तरी उठली नाही. ट्रेसी केव्हा बाहेर गेली ते नॉर्बर्टला कळलंही नाही. त्याला वाटलं, मिळालं. मागितलं होतं तेवढं मिळालं.

मग आर्डिसनं मान वाकवून त्याच्याकडच्या स्पीकरला कान लावला.

"अहो मिस्टर, हा वाजत नाहीये."

"नाही वाजत."

"आमच्या नॉर्बची बाजू आहे ही."

नॉर्बर्टला खोटं बोलवेना. "त्यानंच बिघडवलाय तो."

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली आणि मग चक्क खळखळून हसली. "मग काळजीच नको. तोच दुरुस्त करील. आपला पसारा टाकून जायचा नाही तो." तिनं आपली खुर्ची थोडी सरकवून जागा केली. "तोवर तुम्ही इकडं या. इथं दोघांना ऐकू येतं."

नॉर्बर्ट उठला. गाण्यात खरखर नको म्हणून त्यानं खुर्ची ओढली नाही, दोन्ही हातांनी उचलून डावीकडे नेली आणि तिच्या शेजारी बसला.