धोटा नावाचं क्षेपणास्त्र

त्या हिवाळ्यात भिवंडीजवळच्या पूर्णा गावात मुंगी शिरायला जागा नव्हती. साल दोन हजार दोन. सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, आणि तिथलं सगळं दृष्टीनाथ महाराजांना इथे, गोदामाच्या ओट्यावर, डोळे मिटून दिसत होतं.

"सीमेवरची तार तुटली! रात्री जोडणार म्हणतात. कोण जोडणार? कोणाचा हात?" महाराज घुमत विचारायचे आणि गर्दीच्या अंगावर काटा यायचा.

एका वृत्तवाहिनीच्या बातमीदाराने हा दृष्टांत टिपला. संध्याकाळी महाराज पडद्यावर आले. मागे रणगाडे, खाली प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह वाचायला सवड कोणाला होती? दुसऱ्या दिवशी महाराज म्हणाले, "बघा, टीव्हीसुद्धा तेच सांगतो." वाहिनी म्हणाली, "बघा, महाराज पुन्हा तेच सांगताहेत." दोघांचंही बरं चाललं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नीलाबाई या प्रकाराला हसून मोकळ्या झाल्या असत्या. पण महाराजांनी पुढचा दृष्टांत सोडला: घरभेदी गावातच आहे, फोनवरून खबर देतो. गावातल्या बूथवरून रोज हिंदीत फोन करणारा एकच होता, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा यासीन. आक्काच्या चाळीत तो बायको-मुलीसह भाड्याने राहायचा. मुलगी शबनम नीलाबाईंच्याच वर्गात. आक्काने त्याला खोली सोडायला सांगितली आणि शबनम शाळेत यायची थांबली. तेव्हा बाईंचं हसू गेलं.

"आक्का, इतकी वर्षं तुमच्या दारात राहतो तो. काय वाईट केलं त्यानं?"

"माझा काय न्हाय केला, बाई. पर टीवीवर दावला ना! मंग खोटा कसा आसंल?"

बाई यासीनच्या खोलीवर गेल्या. तो बोचकी बांधत होता.

"महाराजांना तार तुटलेली दिसली, त्या दिवशी फोनवर काय बोललात?"

"सेठ को बोला, मॅडम. बॉर्डर के तार टूट रहे हैं, रात की पाली में जोड दूँगा."

"कुठली बॉर्डर?"

"साडी की! और कौन सी?"

बाईंच्या वडिलांचे भिवंडीत चार लूम होते. त्या खडखडाटातच बाई लहानाच्या मोठ्या झाल्या. बॉर्डर म्हणजे साडीचा काठ आणि तार म्हणजे सूत, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. आधी त्यांना हसू फुटलं, मग संताप आला. एका माणसाचं बिऱ्हाड काठाच्या सुतावरून रस्त्यावर येत होतं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई मनोजच्या बूथवर गेल्या. मनोज महाराजांचा लाडका भक्त, आणि बूथ ओट्याला खेटून. बाईंनी घरी फोन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "धोटा उडाला! भिंतीवर आदळला. संध्याकाळी दुसरा सोडणार आहेत."

"कसला धोटा?" पलीकडून त्यांचे यजमान सुधीरराव गोंधळून विचारत होते. "नीला, तू शाळेतच आहेस ना?"

संध्याकाळी महाराज घुमू लागले. "उडाला! शत्रूचा धोटा उडाला! भिंतीवर आदळला! आता दुसरा सोडणार!"

बातमीदाराने माइक पुढे केला. "महाराज, धोटा म्हणजे?"

"महाभयंकर क्षेपणास्त्र, बाळ!"

बातमीदार मोबाइल कानाला लावून बाजूला पळाला. गर्दीत अर्धं आयुष्य लूमवर शिफ्ट केलेला महादू होता. तो आधी खोकला, मग पोट धरून खालीच बसला. "आरं, धोटा? लूमवरचा लाकडाचा धोटा?"

"गप ऱ्हा!" आक्का ओरडली. "टीवीवर यील तवा कलंल."

आलंच. रात्री आक्काच्या ओटीवर सगळं गाव दाटलं होतं. पडद्यावर लाल पट्टी: 'शत्रूकडे धोटा?' एक मिशाळ तज्ज्ञ नकाशावर छडी फिरवत गंभीरपणे सांगत होते, "धोट्याचा पल्ला पाहता मुंबई टप्प्यात येते."

नीलाबाईंनी पिशवीतून लाकडी धोटा काढला. दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी.

"हेच ते क्षेपणास्त्र. पल्ला साडीच्या पन्ह्याएवढा, या काठापासून त्या काठापर्यंत. दुपारी मनोजच्या बूथवरून मीच सोडलं." मग त्यांनी आक्काच्या पदराचा काठ हातात धरला. "आणि ही ती बॉर्डर. यासीन हिचीच तार जोडत होता. मनोजनं फोन ऐकला, महाराजांनी मनोजचं ऐकलं, टीव्हीनं महाराजांचं आणि तुम्ही टीव्हीचं. यासीनला मात्र कोणीच विचारलं नाही."

मनोज केव्हाच सटकला होता. महाराजांनी वज्रेश्वरीला स्नानाला जायचं असल्याचं जाहीर केलं.

आक्का पदराकडे बघत राहिली. मग चाळीत गेली आणि स्वतःच्या हाताने बोचक्यांच्या गाठी सोडू लागली. "माझी अक्कल ग्येलती, बाबा," एवढंच ती यासीनला म्हणाली.

"टीव्ही बघा," बाई लोकांना म्हणाल्या, "पण तो बोलला की विचारा, तुला हे कोणी सांगितलं? स्वतः पाहिलंस का? तेवढं विचारलं तरी कितीतरी भांडणं दारातूनच परत जातील."

शबनम शाळेत येऊ लागली. वाहिनीने मात्र धोट्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चूक कबूल करायला तिला वेळ नव्हता. यासीनने तेवढी खबरदारी घेतली. फोनवर तो आता 'बॉर्डर' म्हणत नाही, 'किनार' म्हणतो, आणि तेही हळू आवाजात.