घोंगडीची पट्टी

प्रियदर्शनीने काठीच्या डोक्यावर दगड घातला. काठी जेमतेम बोटभर खाली गेली. मुरमाड जमीन ती, जानेवारीतसुद्धा दाद देत नव्हती. तिने ओढणी कमरेला खोचली, दोन तांबे पाणी काठीच्या बुडाशी ओतलं, ते मुरेपर्यंत दम खाल्ला आणि पुन्हा दगड उचलला. माणसं यायच्या आत काठी वीतभर खाली जायलाच हवी होती.

“झाड उंच करायची ही पद्धत आमच्या पुस्तकात नव्हती हो मॅडम,” मागून आवाज आला.

विरुपाक्ष सर होते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी चुका काढायची खोड काही गेली नव्हती. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश.

“सर, तुम्ही तिकडं खुर्च्या बघा.”

“खुर्च्या लागल्या. सांगून टाका त्या बाईंना. झाडं मरतात. माणसंसुद्धा मरतात.”

“म्हणूनच नाही सांगायचं,” ती म्हणाली आणि दगड आणखी जोरात घातला.

जुळे सोलापूरच्या पलीकडच्या या वृक्षोद्यानात दर वर्षी संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की येणाऱ्या रविवारी ‘झाडभेट’ असायची. ज्यांनी आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत इथं झाड लावलं होतं ती माणसं यायची. झाडाला पाणी घालायची आणि शेजारच्या काठीवर, झाड जिथवर पोचलं असेल तिथं, पांढऱ्या रंगाचा पट्टा मारायची. पट्टे वर्षागणिक वर चढत जायचे. माणसं त्या पट्ट्यांचे फोटो काढायची आणि जरा हलक्या मनाने घरी जायची. या एका काठीवर मात्र घोटाळा झाला होता. गेल्या वर्षीचा पट्टा वर होता आणि झाडाचा शेंडा त्याच्या चार बोटं खाली. झाड काही उलटं वाढत नाही, हे कुणालाही कळलं असतं. केराबाईला तर नक्कीच.

केराबाई सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंढरांचा वाडा इथून जवळच एका शेतात मुक्कामाला बसला होता. वळवाच्या पावसात तिचा बावीस वर्षांचा लेक, बिरुदेव, झाडाखाली उभा राहिला आणि वीज पडली. पुढच्या जानेवारीत ती वनस्पती तेलाच्या डब्यात हिवराचं रोप घेऊन एकटीच फाटकापाशी उभी राहिली. शेळ्यामेंढ्या हिवराच्या शेंगा आवडीने खातात. ते रोप लावलं, आणि बिरुदेवच्या घोंगडीची एक काळी पट्टी फाडून तिने त्याच्या खोडाला बांधली.

ते झाड प्रियदर्शनीच्या रांगेत आलं. आठवडाभर पोस्टात काउंटर सांभाळायचा आणि रविवारी ही रांग. चौदा झाडं, आणि त्यांच्यावर तिचा असा काही जीव की दुसऱ्या कुणी पाइपला हात लावलेला तिला खपायचं नाही. लोक वाटेल तेव्हा पाणी सोडतात म्हणून तिने रांगेच्या नळाला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये ठेवली. सगळ्यांनी हात टेकले. मग गेल्या मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती आठ दिवस पुण्याला गेली आणि चावी तिच्याबरोबर पुण्याला गेली.

परतल्यावर बारा झाडं माना टाकून का होईना उभी होती. सात रस्ता भागातल्या एका कुटुंबाचं जांभूळ गेलं होतं, आणि हिवर. जांभळाचं तिने फोन करून सांगितलं, तर पलीकडून “अहो मग दुसरं लावा की!” असं उत्तर आलं. हिवराच्या बाबतीत तिने वहीतला केराबाईच्या पुतण्याचा नंबर तीनदा लावला आणि तीनदा रिंग व्हायच्या आत तोडला. त्या बाईचं पोर दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. हिवर विकायला ठेवतं कोण? पाच रोपवाटिका झाल्या. एक जण म्हणाला, “मॅडम, हे रानात फुकट उगवतंय, तुम्ही बोगनवेल न्या.” शेवटी अक्कलकोट रस्त्याच्या पुढे वनखात्याच्या रोपवाटिकेत, कोपऱ्यात विसरलेल्या पिशवीत एक सापडलं. स्कूटीवरून आणताना काट्यांनी ओढणीच्या चिंध्या झाल्या. वाळलेलं झाड मात्र तिला फेकवेना. ते पोत्यात गुंडाळून तिने घरी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलं होतं. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग नाद सोडला. घोंगडीची पट्टी तिने जुन्या खोडाची सोडवून नव्याला बांधली. आळं तेच, नावाची पाटी तीच, पट्टीही तीच.

दगडाच्या शेवटच्या घावाला पट्टा शेंड्याच्या खाली गेला. प्रियदर्शनीने हातातली माती झटकली. मन काही झटकता आलं नाही. गेल्या वर्षी केराबाई गप्पांत बोलून गेली होती: “दोनशे मेंढरं हायत, पर एकीचं तोंड दुसरीसारखं न्हाय. मला समदी वळखू येत्यात.”

दहापर्यंत उद्यान भरलं. वडाखाली पोरांची चित्रकला स्पर्धा सुरू झाली, कार्यकर्ते एकसारखे हिरवे टी-शर्ट घालून इकडून तिकडे पळू लागले, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या टेबलाभोवती झाडांपेक्षा जास्त गर्दी झाली. सात रस्त्याचं कुटुंब सहा महिन्यांच्या जांभळाशेजारी उभं राहून फोटो काढत होतं. “केवढं वाढलंय नाही!” असं त्यातली एक बाई मनापासून म्हणाली. प्रियदर्शनीला हसूही आलं आणि तिचा हेवाही वाटला.

केराबाई अकराला आली. नऊवारीचा काष्टा, डोईवर पदर, काखेत बोचकं. रिक्षावाल्याने लांबच सोडलं म्हणून त्याच्या नावाने पुटपुटत ती थेट रांगेत आली.

“बऱ्या हायसा न्हवं, बाई?”

“बरी आहे. या मावशी, बसा. पाणी देऊ?”

“आदी ह्याला.”

ती आळ्यापाशी उकिडवी बसली. बोचक्यातून तिने पिशवीभर लेंडीखत काढून बुंध्याभोवती पसरलं, वर तांब्याने पाणी घातलं. मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हात फिरवला, सावकाश, काटे चुकवत. परत खाली येताना हात घोंगडीच्या पट्टीवर थांबला. पट्टीची गाठ तिने अंगठ्याने चाचपली. तिची नजर काठीवर गेली, काठीच्या बुडाशी ओल्या मातीवर गेली, आणि पुन्हा झाडावर आली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून प्रियदर्शनीने विचारलं,

“मेंढरं काय म्हणतायत?”

“औंदा कोकरं लई झाली.” केराबाई तिथंच मातीत मांडी घालून बसली. “एक मेंढी मातर लई तापट. तिचं कोकरू दुसऱ्याच दिशी मेलं. आन तितंच दुसरी एक याली आन मेली. तिचं कोकरू पोरकं. आता त्याला पाजणार कोण? मेंढी दुसरीच्या लेकराला जवळ यिऊ देत न्हाय. टकरा मारती.”

“मग काय करता?”

“करायचं काय. मेल्याल्या कोकराचं कातडं काढायचं आन पोरक्याच्या अंगावर बांदायचं. मेंढी हुंगती. आपल्या लेकराचा वास येतोय म्हनल्यावर मग हुबी ऱ्हाती. पाजती.”

वडाखालून माइकची कर्कश शिट्टी ऐकू आली. प्रियदर्शनी काळ्या पट्टीकडे बघत राहिली.

“आणि तिला कळत नाही, मावशी?”

“कळतंय की!” केराबाई इतक्या सहज म्हणाली, जणू याहून सोपं काही नसावं. “न कळाया काय झालं? आई हाय ती. पर थानात दूद दाटल्यालं आसतंय. ते कुटं न्यायचं?”

ती मग पुढे सरकली.

“चार दिस कातडं ठिवायचं. मग काढायचं. लई दिस ठिवलं तर कुजतंय, कोकराला तरास हुतो.”

आणि तिने पट्टीची गाठ सोडली. गाठ प्रियदर्शनीने घट्ट मारली होती, पोस्टातल्या पार्सलला मारतात तशी. केराबाईला दात लावावे लागले. पट्टी तिने उलगडली, मांडीवर सरळ केली, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवली. कोवळ्या खोडावर पट्टीचा ओलसर वळ उमटला होता. तिथं तिने दोनदा अंगठा फिरवला.

प्रियदर्शनीला पळून जावंसं वाटलं. इतके महिने तिने जे जपलं, घोकलं, झाकलं, ते त्या बाईने खत पसरण्याच्या वेळात उघडून ठेवलं होतं. पण पळणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती केराबाईच्या समोर मातीतच बसली.

“मावशी, मे महिन्यात मी आठ दिवस इथं नव्हते. नळाची चावी माझ्याकडे होती. कुणाला दिली नाही. माझ्या रांगेला कुणी हात लावायचा नाही, हा माझा हट्ट. झाड माझ्यामुळं गेलं.”

केराबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती पाटीवरच्या नावाची धूळ पदराने पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

“बिरू गेला तवा मी करमाळ्याला व्हते,” ती म्हणाली. “भनीकडं. कमळाभवानीचं दर्शन करून येते म्हनलं, चारच दिस. जाताना त्याला सांगितल्यालं, वळवाचं दिस हायत, झाडाखाली थांबू नगं. म्हनला, व्हय. वाड्यावर म्या आसते तर हाळी मारून बोलवला आस्ता. म्या न्हवते तितं.”

प्रियदर्शनीने तिचा हात धरला. त्या हाताला लेंडीखत आणि ओली माती लागलेली होती. शेजारच्या झाडापाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“वाळल्यालं काय केलं?” केराबाईने विचारलं.

“घरी आहे. गॅलरीत.”

“चुलीत न्हाय घातलं?”

“आमच्याकडं चूल नाही, मावशी.”

केराबाईला हसू फुटलं. तिचं हसू बघून प्रियदर्शनीचे डोळे भरून आले.

“मग हितं आनून टाका आळ्यात. कुजू द्या. ह्येच्याच कामाला यील.”

विरुपाक्ष सर रंगाचा डबा घेऊन रांगेच्या टोकापासून एकेक झाड करत येत होते. हिवरापाशी ते थांबले. त्यांनी पट्टी नसलेलं खोड पाहिलं, मातीत बसलेल्या दोघींना पाहिलं, आणि जन्मात एकदा काही विचारायचं नाही असं ठरवलं असावं.

“मास्तर, काठी वाईच वर घ्या की,” केराबाई म्हणाली. “लई खाली गेलीया.”

सरांनी डबा ठेवला. एका बाजूने त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूने प्रियदर्शनीने. सकाळी जी खाली जाता जात नव्हती ती आता वर यायला तयार नव्हती. तिने काठी दोन्ही हातांनी मागेपुढे हलवली, पाय रोवून ओढली, तळहातात कुसळ घुसलं तरी सोडली नाही. काठी वीतभर वर आली. गेल्या वर्षीचा पट्टा झाडाच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला.

“पट्टा कुठं मारायचा?” सरांनी हळूच विचारलं.

“झाड हाय तितं,” केराबाई म्हणाली आणि शेंड्याच्या बरोबरीने काठीवर बोट ठेवलं.

प्रियदर्शनीने ब्रश हातात घेतला. सात रस्त्याच्या कुटुंबातला एक पोरगा बघायला आला होता. “आजी, तुमचं झाड लहान कसं झालं?” त्याने विचारलं.

“ह्ये दुसरं हाय,” केराबाई म्हणाली. “ह्येचा पयला पट्टा हाय बाळा.”

पट्टा मारून झाला. प्रियदर्शनीने हात पुसले, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून चावी काढली. सरांनी हात पुढे केला, पण तिने ती त्यांच्याकडेही दिली नाही. रांग ओलांडून ती फाटकाकडे चालत गेली. तिथं पत्र्याच्या खोलीच्या दाराजवळ एका मोठ्या खिळ्याला सगळ्यांच्या टोप्या आणि खुरपी लटकलेली असायची. तिने टोप्या बाजूला सारल्या आणि चावी खिळ्याला अडकवली, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी.