ओढायचं नाही, ढकलायचं

संजय गायकवाडांना आपल्या जावयाची कीव यायची आणि ती लपवायचे कष्ट ते घेत नसत. खडकीच्या कारखान्यात त्यांचा उभा जन्म लेथवर गेलेला. बँकेत बसणाऱ्या माणसाने हत्याराला हात लावावा, हेच मुळी त्यांना पटत नव्हतं. त्यात अवधूतने फळ्या तिरक्या कापायचं मशीन, स्लायडिंग मायटर सॉ, विकत आणलं. बायकोच्या, म्हणजे संजयच्या पायलच्या, पुस्तकांना रॅक म्हणे स्वतः करणार! रविवारी सकाळीच संजय वारज्याला जावयाच्या सोसायटीच्या गच्चीवर हजर झाले. मदतीला नव्हे, बघायला.

अवधूत फळी मागच्या आडपट्टीला टेकवून घट्ट आवळायचा. मशीनचं डोकं, पात्यासकट, आधी आपल्याकडे ओढून घ्यायचा, मग बटण दाबायचा. पात्याने पूर्ण वेग धरला की डोकं खाली आणून सावकाश पुढे ढकलायचा.

“अवधूतराव, फळी कापताय की तिला अंघोळ घालताय?”

“रुंद फळी आहे, बाबा. घाई केली तर मशीन उसळतं.”

“मशीनला माणूस कळतो. माझ्यासमोर कधी उसळलं नाही.”

“पप्पा, पुरे ना,” पायल म्हणाली.

“का? कौतुकच करतोय.”

दोन फळ्यांचे तिरके कोपरे जुळवले तर मधे बारीक फट राहिली. संजयनी तीत नख घालून दाखवलं आणि हसले. अवधूत कोन तपासायचा गुण्या आणायला खाली गेला. पायल फोनवर बोलत होती.

संजयनी फळी ठेवली, आवळायच्या भानगडीत पडले नाहीत. बटण दाबलं, पातं पलीकडच्या कडेला लाकडात घातलं आणि डोकं झटकन आपल्याकडे ओढलं.

पातं लाकडावर चढलं. डोकं अंगावर उसळलं, फळी हातातून सुटली आणि टाकीच्या पाइपावर आदळली. पाइप फुटला. पाण्याची चिळकांडी उडाली आणि संजय नखशिखान्त भिजले. बोटं मोजून पाहिली, होती सगळी.

सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण दाते वर आले. “गच्चीवर कारंजं मंजूर झाल्याचं मला कुणी कळवलं नाही.”

धावत आलेल्या अवधूतने टाकीचा कॉक बंद केला. “चूक माझी, काका. आजच पाइप बदलतो.”

ते औदार्य संजयना मुस्कटात मारल्यासारखं लागलं. बँकवाल्याने आपल्याला पदराखाली घ्यावं?

“खोटं कशाला बोलता?” ते जावयावरच खेकसले. मग दात्यांकडे वळून म्हणाले, “मी फोडला. ह्यांनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही.”

“वयाने शहाणपण येतं असं ऐकून होतो,” दाते म्हणाले आणि प्लंबरला फोन लावत जिना उतरले.

संजयनी ओल्या बनियनला हात पुसले. “दाखवा.”

अवधूतने गुण्या लावून कोन तपासला, जरासा सरकलेला होता तो नीट केला. मग बाजूला झाला. संजयनी फळी आवळली, डोकं आपल्याकडे घेतलं, बटण दाबलं, वेगाची वाट पाहिली.

“आता खाली. आणि पुढे... ओढू नका बाबा, ढकला. हां. पातं थांबेपर्यंत उचलू नका.”

कोपरे जुळले. संजयनी नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

“लाकूड बरं आहे,” ते म्हणाले.

पायलने बापाकडे असं काही पाहिलं, की ते मुकाट्याने दुसरी फळी उचलायला गेले.