उघड्याचं चीवर

"भंते, मान जरा इकडं..." एवढं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

भिक्षेला उभ्या असलेल्या भिक्खूला असं मान वळवायला सांगत नाहीत. तोही वळला नाही. दोन्ही हातांत पात्र धरून, नजर खाली घालून तो माझ्या इस्त्रीच्या टपरीसमोर उभा होता. मी भात घातला, वर भाजी घातली, आणि तेवढ्यात दिसायचं ते दिसलंच. चीवराची कड मानेला घासते तिथं घामोळं फुटून लालभडक पट्टा उठला होता. विहारात असताना उजवा खांदा उघडा ठेवलेला चालतो. बाहेर पडताना मात्र दोन्ही खांदे झाकून, गळ्यापर्यंत गुंडाळून घ्यायचं. ऊन असो नाहीतर आग असो. पायांत चप्पल नाही. आमची गल्ली त्यांच्या फेरीत सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर डांबर असं तापतं, की समोरच्या शिंपी मास्तरांचं कुत्रंसुद्धा कडेकडेनं सावली धरून चालतं. हा मात्र ढिम्म. पाय बदलत नाही की टाच उचलत नाही.

सहा भिक्खूंच्या ओळीत हा शेवटचा. वयानं नव्हे, दीक्षेनं. थोरले भंते सगळ्यांत पुढं, मग ज्याची दीक्षा जुनी तो, असं करत करत शेपटाला हा. चौतिशीचा घोडा, माझ्या पोटचा.

"सुखी व्हा, उपासिके," म्हणाला आणि पुढच्या दाराकडं गेला.

उपासिके! ज्याचं शेंबडं नाक मी पदरानं पुसलं, तो मला उपासिके म्हणतो आणि मी त्याला हात जोडते. सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

लहानपणी याला उकाडा म्हणून सोसायचा नाही. शाळेतून येताना सदरा वाटेतच अंगातून निघालेला असायचा, दप्तरात कोंबलेला. पाहुणे येवोत, गुरुजी येवोत, हा उघडाबंब. गल्लीनं नावच ठेवलं, उघड्या. मी टपरीत कोळशाच्या इस्त्रीपाशी भाजून निघायची आणि हा आत फरशीवर पाणी ओतून पालथा पडायचा, हातापायांची बोटं पसरून. संध्याकाळी मी त्याच्या पाठीला पावडर लावायची. "आई, अजून लाव," म्हणायचा. अर्धा डबा संपवायचा मेला.

पुढं मीटर वाचायच्या नोकरीला लागला. मुलगी बघायचं चाललं होतं. आणि एक दिवस जेवताना म्हणाला, मी दीक्षा घेतोय. मी रडले, भांडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. शेवटी म्हटलं, जा बाबा. पण एक कळत नाही. जगात इतके उद्योग पडलेत. या पोरानं नेमका तोच निवडावा, जिथं अंगावरचं काढून फेकायची सोय नाही?

एकदा विहारात गेले होते, तेव्हा विचारलं, "भंते, उकाड्याचं काय करता हो तुम्ही?"

"फरशीवर पाणी मारतो. पंचा भिजवून डोक्यावर घेतो. दुपारी झाडाखाली बसतो."

"आणि तरी उकडलं तर?"

"मग बघत बसतो."

"काय?"

"उकाडा. कुठं होतोय, किती होतोय, कधी कमी होतोय."

उकाडा बघत बसतो म्हणे! मी आयुष्यभर इस्त्रीपाशी उभी आहे. मला तर तो कधी कमी होताना दिसला नाही.

पण या वर्षीचा खरा घोळ सिमेंटवाल्यानं घातला. मोठा व्यापारी माणूस, वडील वारले म्हणून त्यांच्या नावानं सगळ्या भिक्खूंना चीवरं दिली. कापड कसलं, तर पॉलिस्टर. जाड, चकचकीत, पडद्याला लावतात तसलं. दान कसं, लांबून डोळ्यांत भरलं पाहिजे! वर हा गृहस्थ गाडी हळू करून बघणार, कुणी घातलंय आणि कुणी नाही. ज्या कापडातून वारा जात नाही त्यात माणूस बांधला, आणि म्हणे पुण्य. नाकापेक्षा मोती जड तो असा.

माझ्या पोराचं जुनं सुती चीवर होतं. तर एक फिरस्ता भिक्खू आला, त्याचं फाटलेलं होतं, यानं उचलून आपलं त्याला दिलं. उरलं ते हे चकचकीत. भिक्खूनं मिळेल त्यात समाधान मानायचं, परक्याकडं मागायचं नाही. पण रक्ताच्या नात्यात मागायची मुभा आहे. थोरल्या भंतेंनीच प्रवचनात सांगितलं होतं, मी कान देऊन ऐकलं होतं. म्हणून मी रोज भात वाढताना थोडी रेंगाळायची. म्हण की रे एकदा, सुती कापड हवं. नुसतं म्हण. पण छे. घामोळं मानेवरून खांद्यावर उतरलं आणि हा म्हणतोय, सुखी व्हा.

शेवटी मीच जाऊन पातळ सुती कापड आणलं आणि मास्तरांकडं नेलं.

"वहिनी, एवढं अखंड कापड. याचे तुकडे करायचे आणि परत ते जोडायचे? हा काय धंदा?" मास्तर म्हणाले.

"भिक्खूचं चीवर तुकड्यांचंच लागतं. तसा नियम आहे."

"मग चिंध्याच द्याव्यात की!"

"पूर्वी चिंध्याच असायच्या. आता चिंध्यासुद्धा नव्या कोऱ्या लागतात. तुम्ही शिवा."

पुटपुटले, पण शिवलं झकास. गळ्याशी येणारी कड दुमडून अशी घेतली की शिवण कातड्याला लागू नये. "उघड्यासाठी आहे ना," म्हणाले. "त्याचे शाळेचे सदरे मीच शिवलेत. एकही अंगावर फाटला नाही, घालतोय कोण!" मग आम्ही दोघं हसलो. हसता हसता माझे डोळे भरले, तेव्हा मास्तर उगीच मशीनला तेल घालायला लागले.

रंग देऊन झाल्यावर मी ते धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. चार पाण्यांतून काढल्याशिवाय सुती कापड मऊ होत नाही. जन्मभर लोकांचे कपडे कडक करून दिले. हे एकच कापड असं, की ते मऊ राहावं म्हणून जपलं.

द्यायचं कसं तेही ठरवलं होतं. चीवर एकाच्या हातावर ठेवलं तर ते त्याचं. संघाला दिलं तर सगळ्यांचं, मग ते ज्येष्ठतेनं वाटायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून विहारातला दानाचा कार्यक्रम संपला की कडेला गाठून त्याच्याच पुढ्यात ठेवायचं, असा बेत. पण गर्दीत आमचे माईकवाले काका होते. त्यांना कुणाच्याही हातात गाठोडं दिसलं की राहवत नाही.

"आणा ताई, आणा इकडं," म्हणाले, आणि माझ्या काखेतून काढून ढिगावर ठेवूनसुद्धा मोकळे झाले. "हं, सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा. हे दान आम्ही संघाला अर्पण करतो."

सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काय करणार, शंभर माणसं हात जोडून म्हणतायत, आपण एकटीनं उठून ओरडायचं, थांबा, माझं परत द्या? भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय. तोंड बोलून गेलं आणि चीवर हातचं गेलं.

वाटप झालं. ढिगात पंचे होते, छत्र्या होत्या, साबण होते, आणि चीवर एकच. ते पहिल्या हातात गेलं, थोरल्या भंतेंच्या. पाळी येत येत शेवटच्यापर्यंत आली तेव्हा उरला होता साबण. माझ्या पोराला साबणाची वडी मिळाली. घामोळ्यावर!

मी गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी थोरल्या भंतेंच्या खोलीत गेले. खोली गार होती, कुणीतरी कूलर दान दिलेला. माणूस चांगला हो, उगीच का बोलू. माझं ऐकलं आणि हळहळले.

"अहो, मग आधी सांगायचं. माझ्याकडं चीवरांचा ढीग पडलाय. थांबा, बोलावतो त्याला."

तो आला. पायाशी वंदन करून बसला. थोरल्या भंतेंनी चीवर पुढं केलं. "घे, हे तुला."

"मला कसं, भंते?"

"तुझ्या आईनं तुझ्यासाठीच शिवून घेतलं होतं. काल चुकून ढिगात गेलं. आत्ता येऊन सांगितलं त्यांनी."

तिथंच फसलं. भंतेंनी नुसतं "घे" म्हटलं असतं तर यानं मुकाट्यानं घेतलं असतं. आता चीवराकडं नाही, माझ्याकडं नाही, फरशीकडं बघत म्हणाला, "माझ्यासाठी कुणी शब्द टाकला, म्हणजे मीच मागितल्यासारखं झालं. संघाचं दान पाळीनं तुमच्याकडं आलंय. ते पाळीनंच राहू दे, भंते."

"अरे, मी देतोय ना?"

यानं हात जोडले.

थोरले भंते माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हा आमच्या सगळ्यांच्या पुढं जायचा."

"कुठला पुढं, भंते?" मी म्हटलं. "ओळीत तर शेवटी उभा असतो."

आणि उठून आले. संताप संताप झाला होता. कुणावर करायचा तेच कळत नव्हतं. मागितलं तर बिघडतं आणि गप्प बसलं तर पोहोचत नाही. आईनं करायचं तरी काय?

त्यानंतर सिमेंटवाल्याच्या नव्या गोदामाचं उद्घाटन आलं. वर पत्र्याचं छप्पर, बाहेर भर दुपार. भिक्खूंना मंचावर ओळीनं बसवलेलं. एक पंखा होता त्यांच्यासाठी, पण त्याच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझायला लागल्या म्हणून बंद केला. मेणबत्त्या तेवल्या पाहिजेत, माणसं विझली तरी चालतील! थोरल्या भंतेंच्या अंगावर माझं सुती चीवर होतं. बाकी पाच जण चकचकीत. सिमेंटवाला थोरल्या भंतेंकडं बघून नाक मुरडत होता आणि शेवटच्याकडं बघून खूश होता.

सूत्रपठण सुरू झालं. मी बायकांत मागं बसले होते. डोळे त्याच्यावरच. घाम यायचा बंद झाला तेव्हा मला धस्स झालं. उन्हात घाम आटला की माणूस आडवा होतो, हे टपरीत मी स्वतः भोगलंय. मी अर्धी उठले, तोवर पठणातला त्याचा आवाज बंद पडला आणि तो पुढच्या फुलांवर पडला.

"उघड्या!" मी ओरडले. कशी मंचावर चढले मला माहीत नाही. त्याच्या गळ्याचं चीवर ओढून काढलं.

"ताई, हात लावू नका!" माईकवाले काका किंचाळले. "बाईमाणसानं भंतेंना..."

"बाईमाणूस गेलं खड्ड्यात! आई आहे मी त्याची!"

कुणाच्या तरी हातातला तांब्या घेऊन डोक्यावर ओतला, दुसरा पाठीवर. पाठ सगळी सोललेली होती. पावडर लावायची ती पाठ. मी खांद्याला धरून हलवत होते, त्यानं डोळे उघडले. क्षणभर मला बघितलं. अगदी फरशीवरून बघायचा तसं. ओठ हलले, मला वाटलं आता आई म्हणेल.

मग त्याला माझा हात दिसला. झटकला नाही त्यानं. माझ्या हाताखालून खांदा अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं काढून घेतला. आणि ओलं चीवर वर ओढून दोन्ही खांदे झाकले. झटकला असता तर बरं झालं असतं हो. भांडता तरी आलं असतं. मला फार लागलं. अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी गावभर बोलबाला. सूत्र म्हणता म्हणता भंतेंना समाधी लागली! सिमेंटवाला तर छाती फुगवून सांगत होता, आमच्या गोदामात लागली. ऊन लागलं होतं रे मेल्यांनो, ऊन!

काही दिवस ओळीत पाचच जण आले. मग सहावा पुन्हा दिसायला लागला, तेच चकचकीत गुंडाळून, आधीपेक्षा वाळलेला. मागायचं नाही, सांगायचं नाही, हात लावायचा नाही. उरलं काय? रस्ता. रस्त्याबद्दल काही नियम माझ्या ऐकण्यात नव्हता.

ओळ कोपऱ्यावर दिसली की मी टपरीपुढं तांब्याभर पाणी टाकायला लागले. ती उभं राहायची जागा. पण थोरले भंते आधी तिथं उभे राहणार, मग दुसरे, मग तिसरे. शेवटच्याची पाळी येईपर्यंत डांबर पुन्हा कोरडंठक्क. तांब्याची बादली केली. बादली चौथ्या भंतेंपर्यंत पुरली. आता मी दोन बादल्या ओतते आणि मास्तर ओरडतात.

"वहिनी, प्यायला पाणी येईना आणि तुम्ही रस्ते धुताय?"

"संघाला देते, मास्तर. तुमचं काय जातंय?"

आज पाणी पुरलं. पाच जण पुढं गेले, तो येऊन ओल्यात उभा राहिला. मी भात घातला, भाजी घातली, मान वर केली नाही. माझीही नजर खालीच होती, म्हणून दिसलं. त्याच्या पायांची बोटं पाण्यात किंचित पसरली.

"सुखी व्हा, उपासिके."

पुढच्या दाराकडं दोन-चार ओली पावलं उमटत गेली. मी भाताचं भांडं ठेवून इस्त्री हातात घेतली, तोवर ती वाळली होती.